गाठोड्यांचा राखणदार

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. आधी पाठ जागी व्हायची, मग तो. कुशीवर वळायचं, हात टेकून बसायचं, मग पाय खाली सोडायचे. यात घाई केली की कंबर दिवसभर सूड उगवायची. बायको पांघरुणातूनच विचारायची, "उठलात की नुसतेच कण्हताय?"

"दोन्ही," तो म्हणायचा आणि चहाचं आधण ठेवायचा.

तो धान्याच्या गोदामात हमाल होता. पोतं मांड्यांच्या जोरावर उचलायचं, पाठीच्या नाही, हे तो नव्या माणसाला एकदाच सांगायचा. ऐकलं नाही तर पुढचं कंबर सांगते. दुसरा नियम त्याने कुणाला सांगितला नाही, फक्त पाळला: खांद्यावरचा माल दुसऱ्याचा आहे. तो मध्येच टाकायचा नाही आणि आत काय आहे हे चाचपायचं नाही. त्याच्या खांद्यावरून पडून पोतं फुटलं, असं कधी झालं नाही. त्याबद्दल शाबासकीही मिळाली नाही. मजुरीत शाबासकी धरलेली नसते.

त्याला एकच हौस होती. रबरी चाकांची स्वतःची हातगाडी घ्यायची. ओझं चाकांवर गेलं की पाठीची सुटका. बायको त्याच्या मजुरीतून दर आठवड्याला थोडं बाजूला काढून एका डब्यात टाकायची आणि म्हणायची, "गाडी येईपर्यंत पाठ टिकवा म्हणजे मिळवलं."

रविवारी दोघं चर्चला जायचे. चर्च मोठ्या पुलाच्या तोंडाशी होतं. पुलाखाली आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर राहणारी माणसं रविवारी सकाळी चर्चच्या अंगणात यायची, कारण मंडळीतल्या बाया तिथे गरम सूप आणि पाव वाटायच्या. त्या माणसांनी उपासनेलाही बसावं, निदान तासभर छपराखाली टेकावं, अशी पाळकांची इच्छा होती. पण पाव घेऊन ती दारातच उभी राहायची. एक पाय आत, एक बाहेर.

एकदा पाळकांनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "आत का येत नाही, भाऊ? इथे तुम्हाला कुणी हलकं लेखणार नाही."

तो माणूस पूर्वी छत्र्या दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला छत्रीवाला म्हणत. त्याने भिंतीशी टेकवलेल्या गाठोड्याकडे हनुवटी उडवली. "येतो की. पण ते कोण बघणार? तुमचा देव?"

दोन-चार जण हसले. पाळकही हसले. "मी बघितलं असतं," ते म्हणाले, "पण मग उपदेश कोण करणार?"

"उपदेश तुम्ही करा," मागून हमाल म्हणाला. "गाठोडी मी बघतो."

त्या दिवसापासून तो दर रविवारी अंगणात लाकडी स्टुलावर बसू लागला. गाठोडी भिंतीशी ओळीने लावायची, कुणाचं कोणतं ते ध्यानात ठेवायचं, आणि उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. एखाद्याचा हात शेजाऱ्याच्या गाठोड्याकडे गेला तर तो नुसता खाकरायचा. तेवढं पुरायचं. पुलाखाली त्याला नाव पडलं, कुलूप. आता माणसं बाकांवर बसू लागली. काही गायची, बरीचशी बसल्या बसल्या झोपायची. झोपू द्या, असं पाळक म्हणायचे. बिनघोर डोळे मिटायला त्यांना दुसरी जागा कुठे आहे?

कुलपाला खिडकीतून गाणी अर्धीच ऐकू यायची आणि त्याचं 'आमेन' नेहमी सगळ्यांच्या मागून पडायचं. बायको चिडवायची, "स्वर्गात पोचलात तरी तुम्हाला दाराबाहेरच बसवतील."

"बसवू देत. स्टूल असलं म्हणजे झालं."

मग छत्रीवाल्याला काम मिळालं. हॉस्पिटलच्या चादरी धुणारा एक कारखाना होता, तिथे इस्त्रीच्या यंत्रावर. पाळकांनीच शब्द टाकला होता. अडचण एकच होती. फाटकावरचा रखवालदार गाठोडं आत नेऊ देईना, आणि बाहेर ठेवलेलं संध्याकाळपर्यंत राहिलं नसतं.

"मग राहिलं काम," छत्रीवाला म्हणाला. "आजवर चाललंच की."

"माझ्याकडे दे," कुलूप म्हणाला.

"रोज?"

"रोज. दिवसभर दुसऱ्यांचंच वाहतो. त्यात हे काय जड आहे?"

छत्रीवाल्याने गाठोड्याची गाठ आणखी आवळली. "उघडायचं नाही."

"पोती उघडून बघत असतो तर मला कामावर ठेवलं असतं का?"

तेव्हापासून कुलूप कामावर जाताना पुलाखालून गाठोडं खांद्यावर घ्यायचा, गोदामात मोठ्या वजनकाट्यामागे ठेवायचा आणि संध्याकाळी परत नेऊन द्यायचा. बाकीचे हमाल टोमणे मारायचे, "काय रे, ओझं घरून आणायला लागलास? इथलं कमी पडतं का?"

छत्रीवाला काम शिकला. एक दिवस म्हणाला, "असंच चाललं तर खोली मिळेल, कुलपा." तो असं काही बोलल्याचं कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी गोदामात एवढा माल आला की वजनकाट्यामागची जागाही भरली. मुकादम ओरडला, "हे बोचकं हलव आधी!" जेवणाच्या सुट्टीत कुलूप गाठोडं घेऊन चर्चला गेला, मागच्या कोठीत कोपऱ्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि न जेवताच कामावर परतला. कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये ठेवलेल्या वस्तूला काय धोका, असं त्याला वाटलं.

त्याच दुपारी मंडळीतल्या बाया कोठी साफ करायला आल्या. पुढे शिंपीणबाई होत्या. हात सढळ, जीव मायाळू, पण कळकट काही दिसलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी गाठोडं उघडलं. आत कुबट चादर, विरलेले सदरे आणि एक मोडकी लहानशी छत्री. गाठोडं कुणाचं ते छत्रीवरून ओळखू आलं आणि बाईंनी पदर खोचला. जुनं सगळं त्यांनी भंगाराच्या गाडीवर दिलं. मग नवी चादर, इस्त्रीचे सदरे, पायमोजे, साबण असं घालून स्वतःच्या हाताने नवं गाठोडं बांधलं.

संध्याकाळी कुलूप आला. गाठ बघूनच त्याने ओळखलं, हे ते गाठोडं नव्हे.

"बघा भाऊ, कसं छान झालंय!" शिंपीणबाई म्हणाल्या. "किती खूश होईल बिचारा!"

"जुनं कुठाय?"

"अहो, ते काय ठेवायचं? भंगारात दिलं."

पुलाखाली छत्रीवाल्याने नवं गाठोडं उघडलं. सदरे बाजूला सारले. चादर झटकली. परत झटकली. "छत्री कुठाय?"

कुलपाने झालं ते सगळं सांगितलं, काही न झाकता.

ती छत्री छत्रीवाल्याने मुलीसाठी बांधायला घेतली होती, ती लहान असताना. बायको गेल्यावर मुलगी दुसऱ्या शहरात त्याच्या बहिणीकडे वाढली. आता ती छत्री तिच्या डोक्याला पुरणार नाही, हे त्यालाही कळत होतं. पण खोली मिळाली की मुलीला बोलवायचं आणि ती येईल त्या दिवशी छत्री दारात उघडून ठेवायची, हा त्याचा बेत होता. दुसरा कुठलाच बेत त्याच्यापाशी नव्हता.

तो ओरडला नाही. "चूक माझीच," म्हणाला. "कामाच्या नादात हातातलं सोडलं." नवं गाठोडं त्याने कुलपाच्या पायाशी सरकवलं. "हे बाईंना परत दे. उद्या येऊ नकोस. मी कामाला जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी कुलपाने गोदामाचा खाडा केला आणि भंगारवाल्याचं आवार गाठलं. कालच्या मालाचा ढीग माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता.

"विस्कटून जाशील आणि मी आवरत बसू?" भंगारवाला म्हणाला. "हा ढीग मला त्या भिंतीला लावायचाय. तू लाव. त्यात सापडलं तर ने."

कुलूप गुडघ्यात वाकला. पत्रे, पाइप, फुटक्या खुर्च्या, मोडके पंखे. एक उचलायचं, नेऊन लावायचं, परत यायचं. फेकाफेकी नाही, कारण लावायचं ठरलं होतं. थोड्या वेळाने बाह्या सरसावत शिंपीणबाई आल्या. कुलपाने नवं गाठोडं रात्रीच पाळकांकडे दिलं होतं आणि त्यांच्याकडून बाईंना सगळं कळलं होतं.

"मी पाहिलीय ती छत्री. मला लगेच ओळखू येईल," त्या म्हणाल्या आणि एका शेगडीला हात घातला.

"मांड्यांनी उचला, बाई. पाठीने नाही."

दुपार कलेपर्यंत निम्मा ढीग भिंतीला लागला. मग बाई म्हणाल्या, "मला वाटलं, मी चांगलंच करतेय."

"चांगलंच केलंत. विचारून करायचं होतं."

छत्री सापडली ती एका तुटक्या पलंगाखाली. दांडी वाकलेली, कापड फाटलेलं. कुलपाने उरलेला ढीगही भिंतीला लावला आणि मगच तो बाईंबरोबर पुलाकडे निघाला.

छत्रीवाल्याने प्रत्येक काडीवरून बोट फिरवलं. "दांडी वाकलीय."

"हो."

"होईल सरळ."

शिंपीणबाईंनी फाटलेल्या कापडाकडे हात नेला आणि मध्येच आवरला. "मी शिवून देऊ का?"

"नको," तो म्हणाला. मग थांबून, "दोरा द्या. मजबूत."

"मग उद्या कामाला?" कुलपाने विचारलं.

"गाठोडं तुला देणार नाही, कुलपा. रागावू नकोस. तू चांगला आहेस. पण तुझी जागा भरली की तुला दुसऱ्या कुणा चांगल्या माणसावर टाकावं लागतं. घात तिथे होतो."

कुलूप रागावला नाही. हिशेब बरोबर होता. पाळकांनी कारखान्यात जाऊन आठवड्याची मुदत मागून आणली. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

त्या संध्याकाळी कुलूप बायकोला म्हणाला, "अगं, तो डबा काढ."

"गाडी बघून आलात?"

"नाही. कपाटं करायचीत, लोखंडाची. चर्चच्या अंगणात." त्याने सगळं सांगितलं.

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. मग डबा आणून त्याच्यापुढे आदळला. "पाठ तुमची आहे. किती वर्षं अजून वाहणार ती?"

"वाहील तेवढी."

"मी तेल चोळणार नाही, सांगून ठेवते." आणि तेलाची बाटली घेऊन त्याच्या मागे बसली.

वेल्डरने माप घेतलं. "दाराला किल्ल्या दोन-दोन येतात. एकेक पाळकांकडे ठेवायची ना?"

"नाही. दोन्ही ज्याची वस्तू त्याच्याकडे."

"आणि हरवल्या तर?" पाळकांनी विचारलं.

"तर तो दार फोडेल. त्याचंच आहे."

पाळकांनी होकारार्थी मान डोलावली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी कपाटं आली. दुसऱ्या सकाळी छत्रीवाला गळ्यात किल्ली अडकवून कारखान्यात गेला. रखवालदाराने त्याचे रिकामे हात पाहिले आणि फाटक उघडलं.

रविवारी स्टूल रिकामं होतं. कुलूप आत बायकोशेजारी बसला. पहिलं 'आमेन' त्याने सगळ्यांबरोबर म्हटलं. उपदेश सुरू झाला तसा त्याला डुलकी लागली. बायकोने कोपर उचललं, आणि तसंच खाली घेतलं.

बाहेर भिंतीशी, जिथे गाठोडी लावायची तिथे, हातगाडीचे पैसे उभे होते: लोखंडी कपाटांची रांग, सगळी एका मापाची, कडेचं तेवढं एक उंच. त्याचे वेल्डरने जादा पैसे लावले होते आणि कुलपाने घासाघीस न करता दिले होते. छत्री आडवी मावत नव्हती.