छान दिवसांच्या वह्या

शाळेतली पोरं तिला डिंकबाई म्हणायची, आणि यात खोटं तरी काय होतं? आठ वर्षांच्या एका मुलीला ती दिवसभर चिकटून असायची. वर्गात तिच्या शेजारच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, मधल्या सुट्टीत तिच्यामागे दोन हात अंतर ठेवून चालायचं, संडासाच्या दाराबाहेर उभं राहायचं. नोकरीच्या कागदावर तिला मदतनीस म्हटलेलं होतं. त्याआधी अकरा वर्षं ती शिंप्याच्या दुकानात काजं करत होती. डोळे दुखायला लागले म्हणून ते काम सुटलं, पण एका जागी नजर खिळवून बसायची सवय राहिली, ती इथे कामी आली.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. ती बोलायची कमी, आणि फिरणारी वस्तू दिसली की तिचं भान हरपायचं. पंखा, भोवरा, सायकलचं चाक, काहीही. पंख्याला हात पोचत नाही आणि भोवऱ्याने कुणी मरत नाही. पण शाळेच्या फाटकापासून नऊ पावलांवर रस्ता होता आणि त्यावरून दिवसभर मालट्रक जायचे. भिंगरीला त्यांच्या चाकांना हात लावून बघायचा होता. दोन वर्षांत ती किती वेळा सुटली, ते डिंकबाईच्या पोटऱ्यांना विचारा.

आता डिंकबाईची चूक सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. अशा मुलांचा दिवस कसा गेला ते लिहून रोज घरी एक वही पाठवायची असते. पहिल्या आठवड्यात डिंकबाईने खरं ते लिहिलं. तीनदा पळाली, एकदा चावली, दुपारभर रडली. भिंगरीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. संध्याकाळी मुलीला न्यायला आली की फाटकाशी उभ्या उभ्याच वही वाचायची. त्या दिवशी वाचून ती नुसती पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. डिंकबाईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, ‘आज छान दिवस गेला. डबा संपवला.’ आई वाचून हसली. मग काय, रोजचंच झालं ते. छान दिवस, छान दिवस, वहीमागून वही. बावळट म्हणा हवं तर बाईला, पण तिच्या मनात पाप नव्हतं.

तिसऱ्या वर्षी शाळेने कळवलं की मुलगी आता रुळली आहे, मदतनीस अर्धाच वेळ पुरे. आई भडकली, तिने वरच्या कार्यालयात तक्रार केली, आणि दोन्ही बाजूंचा समेट घडवायला तिथले साहेब आले. गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या कागदावर दोन रकाने असायचे, पटलेलं आणि न पटलेलं, आणि दुसरा रकाना कोरा राहिल्याशिवाय आपण खुर्चीतून उठत नाही, असं ते अभिमानाने सांगायचे.

बैठकीला आई एक जड पिशवी घेऊन आली. “ह्या बाईंनी माझ्या मुलीसाठी काय केलंय ते बघा,” असं म्हणत तिने सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शांतपणे चष्मा लावून वाचायला लागल्या. छान दिवस. छान दिवस. पानं उलटत गेल्या आणि म्हणाल्या, “आमचंही हेच म्हणणं आहे. दोन वर्षांत मुलगी एकदाही पळालेली नाही.”

“ते खोटं आहे,” डिंकबाई म्हणाली. “मी खोटं लिहिलंय. ती रोज पळते.”

मग मोठ्या बाईंनी विचारलं, “दोन वर्षं, रोज?” आणि साहेब मायेने म्हणाले, “नोकरी निम्मी होणार म्हटल्यावर जीव कासावीस होतो, बाई. मी समजू शकतो.”

आई मात्र तिच्याकडे बघत होती. “म्हणजे ती सुधारली नव्हती?” एवढंच तिने विचारलं. डिंकबाईने मान खाली घातली.

साहेबांनी मधला मार्ग काढला. एक महिना दुपारी मदतनीस नाही. या महिन्यात मुलगी एकदा जरी एकटी रस्त्यावर गेल्याची नोंद शाळेच्या रजिस्टरात झाली, तर पूर्ण वेळ परत. एकही झाली नाही, तर सकाळचीही गरज संपली. सगळ्यांनी सह्या केल्या. न पटलेलं कोरं राहिलं.

पहिल्याच दुपारी डिंकबाई घरी गेली नाही. फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राहिली. दोनला सामानाची गाडी आत आली, राखणदाराने फाटक उघडं टाकलं आणि भिंगरी बाहेर आली, रमतगमत, डोळे चाकांवर. डिंकबाईने तिला पाचव्या पावलावर धरलं आणि तशीच मोठ्या बाईंपुढे नेऊन उभी केली. “नोंद करा.”

“एकटी गेली तर नोंद,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचा हात धरून आलीये ना? मग एकटी कुठे होती?”

फाटकाला कुलूप घाला म्हटलं, तर आगीचा नियम आडवा आला. वर्गशिक्षिकेकडे चाळीस पोरं, एक कमी झालेलं तिला कळायचं तेव्हा भिंगरी पुन्हा बाकावर असायची. डिंकबाई साहेबांना भेटायला गेली तर त्यांनी पाणी दिलं आणि ठरलेला कागद दाखवला. रोज दोन वाजता भिंगरी यायची आणि रोज डिंकबाई धरायची. कधी पाचव्या पावलाला, कधी सहाव्या. गुडघे कुरकुरत होते, एकदा तर आठव्याला धरलं आणि ट्रकचा वारा दोघींच्या तोंडावर आला. त्या दिवशी तिला धडधडीत कळलं की आपण जितकं धरू तितकं रजिस्टर कोरं राहणार, आणि कोरं राहिलं की धरायलाच कुणी उरणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती धुलाईखान्यात गेली. बैठकीपासून आई तिच्याशी बोलत नव्हती. वाफेत उभं राहून डिंकबाईने सगळं सांगितलं, पावलांसकट. आईने इस्त्री बाजूला ठेवली.

“मग? एक दिवस धरू नका, असं मी म्हणावं म्हणून आलात?”

तेच विचारायला डिंकबाई आली होती, आणि तिची तिलाच शिसारी आली.

“धरा तिला,” आई म्हणाली. “रोज धरा.” आणि तिने पुढची चादर ओढली.

महिना संपला. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, आनंदाने मान डोलावली. “एकही नोंद नाही. बाई, हे सगळं तुमचं श्रेय.” मोठ्या बाईंनीही हात जोडले. स्वतः फाटकाशी थांबता यावं म्हणून आईने कामावर दुपारच्या सुट्टीचा अर्ज दिला होता, तो नामंजूर होऊन आला होता. ती फाटकाबद्दल बोलली, ट्रकबद्दल बोलली, तेव्हा साहेब तितक्याच गोडीने म्हणाले, “पण कागदावर तुमचीच सही आहे ना, ताई?” आणि तो कागद त्यांनी पाकिटात घातला. डिंकबाईची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. जाताना तिने राखणदाराला गाडीची वेळ दहा वेळा बजावली. त्याने हो हो केलं, जसं तो सगळ्यांनाच करायचा.

सोमवारी नव्या शाळेत तिच्या शेजारी नवा मुलगा होता, कान झाकून बसणारा. समोर कोरी वही. तिने पहिलंच वाक्य खरं लिहिलं, ‘आज सकाळी दोनदा डोकं आपटून घेतलं.’ दुसरं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. वर्गाच्या भिंतीवर घड्याळ होतं. तिच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या, उठायला.

दोन वाजले होते.