मागची खिडकी

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मुलीनं अमरावतीच्या घरात एक यंत्र बसवून दिलं. ती पुण्याला नोकरी करते. इथे मी एकटा. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. यंत्र म्हणजे भिंतीत बसवलेली एकच मोठी पेटी. उन्हाळ्यात खोली थंड करते, हिवाळ्यात गरम. हीट पंप म्हणतात तिला. बसवायला नांदगाव खंडेश्वरचा एक मिस्त्री आला होता. पेटीवर थाप मारत म्हणाला, "काका, हे थंडी बनवत नाही. खोलीतली गरमी उचलते अन् बाहेर नेऊन टाकते. हिवाळ्यात बाहेरची उचलून आत आणते. म्हणून वीज कमी खाते."

मी दर्यापूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडेच जाते, तिला उलट न्यायचं तर जोर लावावा लागतो, हे मी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल. मला शिकवायची गरज नव्हती, आणि तसं मी त्याला ऐकवलंसुद्धा. माझ्या तोंडाला लगाम नाही. तो बिचारा हसला आणि चहा पिऊन गेला.

त्या जागी आधी आमचा लोखंडी कूलर होता. दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, बादलीनं पाणी भरायचं, हे काम बायकोचं. पाणी सांडलं म्हणून ओरडायचं काम माझं. कूलर लावला की त्याच्या समोरची, घराच्या मागच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत ओल साचते. इकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. तरी ती रोज दुपारी जेवण झालं की सांगायची, "अवो, मागची खिडकी उघडा, जीव चिकचिक करून राहिला." मग मी उठायचो, कुरकुरत उघडायचो.

नवं यंत्र मुलीनं सव्वीसवर ठेवलं होतं, बचतीच्या बटणावर. खोली सव्वीसवर आली की यंत्र थांबायचं, पंख्यासकट. वीज वाचायची हे खरं, पण ते थांबलं की खोली अशी गप्प व्हायची की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू यायचं. कूलर दिवसभर घरघरायचा आणि त्याच्या आवाजात आम्ही नवरा-बायको एकमेकांशी ओरडून बोलायचो. शेजारच्यांना वाटायचं, भांडण चाललंय. आता भांडायलाही कोणी नव्हतं. मला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायला लाज वाटायची.

एका दुपारी वरण-भाकर खाऊन उठलो, हात पुसले आणि मागची खिडकी उघडली. का, ते विचारू नका. इतक्या वर्षांची सवय हाताला होती, डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही. त्या दिवसापासून यंत्र थांबेना. मला आपलं बरंच वाटलं, घरात काहीतरी चालू आहे म्हणून.

चौथ्या दिवशी चारच्या सुमारास मुलीचा फोन आला. वार बुधवार. तिचा फोन एरवी रविवारी यायचा, दहा मिनिटांचा.

"बाबा, मशीन चार दिवसांपासून बंदच होऊन नाही राहिली. माह्या मोबाइलवर दिसते न सगळं. ठीक आहे न तिकडे?"

"मले काय माहीत? बसवली तूच."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाळी साफ केली का, पडदे ओढले का, जेवले का, काय जेवले. "जेवलो नं. आता काय घासही मोजून सांगू?" असं मी खेकसलो. पण तिसऱ्या दिवशी साडेतीनपासूनच फोन शेजारी घेऊन बसलो होतो.

आठवड्यानं तिनं मिस्त्रीला धाडलं. तो खोलीत आला आणि खिडकीपाशीच थबकला.

"काका, हा काय कूलर आहे? खिडकी कावून उघडी? आख्खी अमरावती थंड करून राहिले तुमी!"

विज्ञानाच्या मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मिस्त्री भला माणूस, त्यानं मागचं काही काढलं नाही. खिडकी त्यानंच लावली. मी त्याला म्हटलं, यंत्र थांबलं की मला गुदमरल्यासारखं होतं. त्यानं पंखा वेगळा करून दिला: थंड करणं थांबलं तरी वारा सुरू राहील असा. "वीज जराशी जास्त लागन, पण हवा हालत राहीन. बचतीनंही थोडं सोडाव, आपणही थोडं सोडाव, तवा जमते."

जमलंही. खोली छान राहू लागली. मुलीचा फोन आला, "शाब्बास बाबा, आता एकदम बरोबर चालून राहिली." आणि त्यानंतर फोन थेट रविवारी. मग पुढच्या रविवारी.

दहा-बारा दिवस मी कळ काढली. मग एका दुपारी उठलो आणि मागची खिडकी चार बोटं उघडली. या वेळी हाताची सवय नव्हती. मी पुरता शुद्धीवर होतो. वाऱ्यानं ती लागू नये म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी खोचली. दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला, आणि मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम दोन घंट्या जाऊ दिल्या.

दोन आठवडे असे गेले. "खिडकी लावली आहे न?" "हव." "दार?" "लावलं." शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो. यंत्राचं झालं की ती ऑफिसचं सांगायची, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगायची, एकदा तर आईसारखी खळखळून हसली. मग मीच म्हणायचो, "बरं, ठेव आता. कामं आहेत मले." कसली कामं, कपाळ!

मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी ते मोबाइलवर येणारं बंद करून टाकलं."

"काय बंद केलं?"

"मशीन जास्त चालली की मले सूचना येत होती न, ते. जाऊ द्या, लागन थोडी वीज जास्त. मी रोज रोज टोकून राहिली अन् तुमी चिडून राहिले. आता नाही टोकत. तुमी आरामात राहा."

माझ्या आरामासाठी तिनं बचत सोडून दिली होती. किती शहाणी पोर. आणि तिला हे शहाणपण मीच शिकवलं होतं, रोज चार वाजता, खेकसून खेकसून. खिडकीच्या फटीतून पाठीवर उन्हाची झळ येत होती.

"बरं," मी म्हटलं.

"ठेवू मग?"

"थांब." "मशीनले काही झालं नाही. खिडकी मीच उघडून ठेवतो."

"कावून बाबा?"

"तुया फोन येते म्हणून. मले करमत नाही."

तिनं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाला तसाच धरून उठलो, कागदाची घडी काढली आणि मागची खिडकी लावून घेतली.