दाजींचं धर्मयुद्ध

माझ्या दाजींइतका तत्त्वाचा, आणि म्हणूनच डोक्यात जाणारा, माणूस जगात दुसरा नसेल हे मी बेलभंडारा उचलून सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, रबाळ्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. नव्वदीच्या दशकात नोकरी शोधायला म्हणून मी जुईनगरला त्यांच्या फ्लॅटवर वर्षभर राहिलो, तेव्हा माझं मन रमावं म्हणून त्यांनी एक व्हिडिओ गेम आणला. कॅसेट खोचायची आणि दोघांनी मिळून तलवारी चालवत सुटायचं. गोऱ्यांच्या मुलखातले किल्ले, लोखंडी टोप घातलेले सरदार, समोर येईल त्याला सपासप कापत शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचं. इतका सरळ खेळ. पण सरळ खेळतील तर ते दाजी कसले?

शत्रू आडवा झाला की दाजींचा हात थांबायचा. "उठू द्या त्याला, पाव्हणं. पडलेल्याला मारायचं नसतं." तो उठायचा आणि मलाच हाणायचा. पाठमोऱ्यावर वार करायचा नाही, हा दुसरा नियम. वाटेतली पिंपं फोडली की आत जेवण मिळायचं, त्यानं जीव वाढायचा. तर म्हणे, "कुणाच्या घरचं हाय ते, ठावं नाही. विचारल्याबिगर घ्यायचं नाही." आता विचारायचं कुणाला? पिंपाला? दाजींच्या या सचोटीपायी वर्षभर रोज संध्याकाळी मी मेलो. त्या राक्षसापर्यंत पोचलो तीन-चारदाच, आणि त्यालाही दाजींनी उठू दिलं.

शेवटी मला बडोद्याला नोकरी लागली. दसऱ्याला निघायचं ठरलं. आदल्या दिवशी राक्षसाला लोळवायचंच, असा मी चंग बांधला होता. वर्षभराच्या बेकारीत तडीला जाईल अशी तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. सकाळी आंघोळ करून येतो, तर गेम जागेवर नाही. खंडेनवमी होती. दाजींनी तो पाटावर पूजेला मांडलेला, शेजारी नटबोल्टाचे पाने, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, ताईची विळी. कॅसेटच्या खाचेत हळदकुंकू, वरून अक्षता, फुलानं शिंपडलेलं पाणी.

"आत तलवार हाय न्हवं? मग शस्त्रच की," दाजी म्हणाले. "आज हत्यार चालवायचं नसतं." ताईला भाजीसुद्धा चिरू दिली नव्हती.

मी ऐकलं नाही. गेम उचलून टीव्हीला लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. माझं टाळकंच सरकलं. "तुमच्या नियमांपायी वर्षभर हरलो, आता खेळही मारलात. तुमच्या जोडीला बसलो हीच माझी चूक," असं मी त्यांच्या घरात, त्यांच्याच अन्नावर जगून, त्यांना सुनावलं. ताई रडवेली झाली.

दाजी उठले आणि त्यांनी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अहो, आज?" ताई म्हणाली.

"असू दे."

त्यांनी गेम उघडला, सुईनं एकेक तांदूळ काढला, बनियनच्या टोकानं कुंकू पुसलं. झाकण लावून स्क्रूड्रायव्हर परत पाटावर ठेवला, त्याला हात जोडले आणि हळूच म्हणाले, "माफ कर बाबा. पोराला उद्या जायचंय."

माफी खरं तर मी मागायची होती. पण मी आपला टीव्हीची वायर खोचत बसलो. चित्र आलं, तरी मला मान वर करवेना.