साबुदाण्याचा वाडगा

दुबईत आमच्या घराखाली एक साधं फिलिपिनो हॉटेल आहे. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली, तेव्हा एका दुपारी मी तिला बळेच तिथे नेलं. तिची संकष्टी होती. मी भात आणि तळाशी साबुदाण्यासारखे काळे दाणे असलेला बबल टी घेतला. आई नुसतीच बसली. काउंटरवरच्या बाईंना ते बघवेना. मी त्यांना उपास समजावला आणि माझ्या ग्लासातले काळे दाणे दाखवून म्हटलं, "असलेच, पण पांढरे, आईला चालतात."

"सागो!" त्या हसून आत गेल्या. नवं पातेलं आमच्यासमोर धुऊन त्यांनी नारळाच्या दुधात साबुदाणा शिजवून आणला.

आई सावकाश, चवीनं खात होती. बाबांनंतर तिला असं खाताना मी पाहिलंच नव्हतं. इथे मी सहा वर्षं राहतेय, पण माझी आई उपाशी बसलीय म्हणून कासावीस होणारं माणूस इथे असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

खाऊन झाल्यावर आईने त्या बाईंचा हात धरला आणि मराठीतच विचारलं, "तू जेवलीस का गं?"

त्यांना मराठीचा गंधही नव्हता. तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि आईने शेजारची खुर्ची ओढली.