अमेरिकेतून आलेलं केसांचं मशीन

मला ते स्थळ नको होतं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष अर्ध्यावर होतं, ते पुरं करायचं होतं मला. पण राजारामपुरीतल्या आमच्या घराला अमेरिकेनं झपाटलं होतं. मुलगा तिकडं इंजिनियर, सुट्टीवर आलेला, लग्न उरकूनच परत जाणार. मला कोण विचारतंय?

बघायला यायच्या आदल्या दिवशी मुलाकडून एक खोका आला. आत केस कुरळे करायचं विजेचं मशीन. लाटण्याएवढी नळी, तिला वरून चिमटा. सोबत त्याच्या घरच्यांचा निरोप, 'मुलीचे केस कुरळे करून बसवा, मुलाला तसेच आवडतात.' घ्या! अजून मुलगी बघितली नाही आणि केस कसले हवेत ते ठरलेलं.

मुठीवर बारीक अक्षरांत ११० व्होल्ट लिहिलं होतं. मी वडिलांना म्हटलं, "आबा, हे एकशे दहाचं हाय. आपल्यात दोनशे तीस. जळंल की."

"गप बस. कॉलेजातलं घरात आणू नकोस."

चपट्या पिना आमच्या सॉकेटात बसेनात. मग आबांनी पकडीनं प्लगच उडवला, तारा दातानं सोलल्या, भोकांत घातल्या आणि आगकाड्या खोचून घट्ट केल्या. आमच्याकडं रेडिओपासून इस्त्रीपर्यंत सगळं असंच चालायचं, त्यामुळं कुणाला भीती म्हणून नव्हती.

आत्तीनं माझ्या कानामागची जाड बट नळीवर गुंडाळली. बघता बघता चर्र झालं आणि करपल्याचा वास घरभर सुटला.

"आत्ती, सोड!"

"सुटंना गं बाई, चिकटलंय!"

आबांनी बटण बंद केलं, आईनं कात्री चालवली. मूठभर केस मशीनला लटकत राहिले, मानेवर टरटरून फोड आला.

खरं सांगू? रडता रडता मला आनंद झाला. त्या काळी मुलगी बघायला आले की कुठल्याही मुलाची आई हमखास म्हणायची, "केस सोडून दाखव गं." लांबी बघायची, खरे-खोटे बघायचे. माझे सोडले की मागचं भगदाड दिसणार आणि पावणं चहा न घेता उठणार. सुटले मी!

दुसऱ्या दिवशी आईनं खोट्या केसांचं गंगावन लावून अंबाडा बांधला, वर अबोलीचा गजरा. पोहे झाले. शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. आता म्हणतील, आता म्हणतील, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलेली. मुलाची आई हसली.

"केसबीस सोडायला लावत नाही हं आम्ही. जुनं झालं ते. मुलगी पसंत आहे."

काय करू? मीच अंबाड्याकडं हात नेला. मागं उभ्या माझ्या आईनं तो वरच्यावर धरला आणि हसत हसत खाली माझ्या मांडीवर दाबून ठेवला. बांगडी मनगटात रुतली.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "ते मशीन इथं लावू नका बरं का. इथल्या विजेवर धोका असतो. तिकडं आल्यावरच वापरा. याल ना?"

एवढ्या दिवसांत माझी मर्जी विचारणारा हा एकच प्रश्न. मी शब्द जुळवत होते.

"येणार की," आई म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता.