पलीकडची गच्ची

टेकडीवरचा फुललेला पळस वरून बघायचा म्हणून मी पहिलावहिला ड्रोन घ्यायला निघाले. दुकानदार मला त्याच्या गच्चीवर घेऊन गेला. "काकू, नवशिक्यांना हाच बरा," म्हणाला आणि त्यानं ड्रोन थेट पलीकडच्या घरावर नेला. रिमोटच्या पडद्यावर एक बाई दिसली, न्हाऊन उन्हात केस वाळवत बसलेली. घरघर ऐकून तिनं वर पाहिलं आणि घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला.

"बघा, चेहरा किती स्पष्ट येतो," दुकानदार कौतुकानं म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. आभाळ मोकळं आहे म्हणून त्याखालचं सगळंच मोकळं, हे ठरवलं कुणी? किती लांब जातो, वाऱ्यात टिकतो का, हे मी आठवडाभर दुकानोदुकानी विचारत होते. कुणाच्या डोक्यावरून उडवायचा, हा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. पडद्यावर तर मीच आधी वाकले होते.

"खाली घ्या तो," मी म्हणाले.

"अहो, त्यांना काय कळतंय," तो हसला.

मी काहीही न घेता रस्त्यावर आले आणि त्या घराकडे वर पाहिलं. गच्चीला पुरुषभर उंच कठडा होता. तिला निवांत केस वाळवता यावेत म्हणूनच कुणीतरी तो एवढा उंच बांधला असणार.