घसरलो म्हणून सांगितलं

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात दवाखान्यात खरं सांगायची पद्धत नाही. हे मी पस्तीस वर्षं प्रेस मशीनवर काढून सांगतोय. माझ्या डाव्या हाताचं बोट मशीनमध्ये गेलं, तेव्हा सुपरवायझर रिक्षातच म्हणाला, "घरी दारात चेंगरलं म्हण, नाहीतर कंपनीला चौकशी लागेल." मी म्हणलो. डॉक्टरनं लिहिलं. चिखलीच्या शेडमधला घ्या, चाकणच्या कंपनीतला घ्या, प्रत्येकाचं बोट घरीच तुटलेलं असतं.

त्याच सवयीनं मी बायकोच्या वेळी बोललो.

दोन वर्षं होतील आता. तिच्या भाचीच्या पोराचं बारसं होतं चाकणला. सकाळी दहाला मोटारसायकलवर निघालो. मी गाडी हळू चालवणारा माणूस. तीच मागून टोमणा मारायची, "सायकलवाला पुढं गेला, बघा." तिच्या डोक्यावर पदर होता, हेल्मेट नव्हतं. खोटं कशाला सांगू. मोशीच्या पुढं एक टेम्पो उजवीकडून आमच्या पुढं आला आणि इशारा न देता डावीकडं कंपनीच्या रस्त्याला वळला. त्याचा मागचा कोपरा हँडलला लागला. मी मातीत पडलो, ती कडेच्या सिमेंटवर.

ड्रायव्हर पळाला नाही. त्यानंच तिला उचललं, टेम्पोतले रिकामे क्रेट सरकवून जागा केली आणि दवाखान्यात आणलं. ती शुद्धीत होती. म्हणाली, "भाचीला फोन करा, आपल्यासाठी जेवायचे थांबतील."

मी वाटेतच मेहुण्याला फोन केला होता. तिचा धाकटा भाऊ, तिथंच एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. तो दवाखान्याच्या दारात उभाच होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, टेम्पोचं नाव काढू नका. पोलीस केस झाली की पंचनामा होईस्तोवर डॉक्टर हात लावत न्हाईत. घसरलो म्हणा."

आत केसपेपर लिहिणाऱ्या बाईनं विचारलं, "कसं पडलात?"

"घसरलो."

"दुसरी गाडी होती का?"

"न्हाई."

तिनं लिहिलं, मी सही केली. बाहेर येऊन बघतो तर टेम्पो गेलेला.

तिसऱ्या दिवशी बायको गेली.

मग प्रत्येक कागदावर तेच उतरत गेलं. पतीची दुचाकी घसरून मृत्यू. पोस्टमॉर्टमला तेच, चौकीत तेच. म्हणजे मीच तिला मारलं. दहाव्याला माझ्या पाठीमागं एक जण म्हणाला, "या वयात बाईला मागं बसवून कशाला चालवायची गाडी?" मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. कागदावर माझीच सही होती.

चौकीत गेलो तर हवालदार हसला. "काका, तेव्हा घसरलात, आता टेम्पो आठवला व्हय? कुणी शिकवलं?" कुणी शिकवलं हे त्यानं पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं.

निगडीला एक वकीलबाई भेटल्या. मेहुणा बरोबर होता. सगळं ऐकून त्या चिडल्या. "पोलिसांची वाट बघत डॉक्टर पेशंटला असा ठेवत नाही. अपघाताला उपचार आधी करावेच लागतात, कायदा आहे. हे डोक्यात कुणी भरवलं तुमच्या?" मी मेहुण्याकडं बघितलं नाही. तोच खाली बुटांकडं बघत बसला. बाई म्हणाल्या, "टेम्पोचा नंबर आहे?"

मी म्हणलो, "न्हाई."

मेहुणा हळूच बोलला, "बाई, दवाखान्याच्या गेटवर आत आलेल्या गाडीचा नंबर लिहितात. मी रोज तेच काम करतो." तोच गेला. गेटवरचा माणूस त्याच्याच एजन्सीचा निघाला. रजिस्टरमध्ये नंबर होता, वेळ होती, पुढं लिहिलं होतं: अपघात, एक बाई. वकीलबाईंनी रीतसर अर्ज करून त्याची नक्कल काढली. मग चौकीत तक्रार घेतली.

वकीलबाई नुकसानभरपाईचं समजावत होत्या. मी म्हणलो, "मला ती घसरल्याची ओळ खोडून पाहिजे."

"खोडता येत नाही, काका. तिच्यासमोर दुसरी ओळ उभी करता येते."

तिथनं पुढं कोर्टाच्या तारखा. चिखलीतनं बसनं जायचं, बाकावर बसायचं, साहेब रजेवर म्हणून परत यायचं. गुडघे दुखतात. घरी कुणी विचारणारं नाही काय झालं म्हणून. मधे दोनदा वाटलं, सोडून द्यावं. बाकावर शेजारी कुणी पट्टी बांधलेला बसला की मी न विचारता सांगायचो: दवाखान्यात जे झालं तेच सांग, गाडीचा नंबर घे, न वाचता सही करू नको. ऐकणारे मान डोलवायचे. मीही कधीकाळी अशीच डोलवली असती.

शेवटी साक्षीला माझा नंबर लागला. टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील तरुण होता, बोलायला गोड. दवाखान्याचा कागद पुढं धरून म्हणाला, "बाबा, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"यात टेम्पो कुठंय?"

"मी सांगितला न्हाई."

"म्हणजे खोटं बोललात."

"व्हय, बोललो."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून धरायचं?"

वकीलबाई उठायला लागल्या. मी हातानं थांबवलं.

"तवा ती जिती होती," मी म्हणलो. "ती वाचंल म्हणून खोटं बोललो. आता कुणाला वाचवायचंय मला?"

तो कागद चाळत बसला. जजसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "टेम्पोनं नेमकी कुठं धडक दिली?" मी सांगितलं. कोपरा, हँडल, सिमेंट, सगळं. साहेब एकेक वाक्य सांगत गेले, टायपिस्ट बाई टाइप करत गेल्या. विमावाला म्हणाला, आणखी काही विचारायचं नाही. शिपाई म्हणाला, "उतरा बाबा, झालं."

"लिहून होऊ द्या," मी म्हणलो, आणि कठडा धरून तिथंच उभा राहिलो.